दिवसभराची थीम पार्क सहल आणि लहान मुले : दुपारची विश्रांती का टाळू नये?

थोडक्यात महत्त्वाचे

• पाच वर्षांखालील मुलाला दिवसभराच्या सहलीत दुपारी किमान दीड ते दोन तासांची सावलीतली विश्रांती लागते. ही चैन नव्हे, शरीराची गरज आहे.
• चिडचिड, हट्ट, विनाकारण रडणे ही बहुतेक वेळा थकवा, तहान आणि उष्णतेची पहिली लक्षणे असतात.
• रात्रभर प्रवास, दिवसभर उद्यान आणि पुन्हा रात्रभर प्रवास हा बेत लहान मुलांसाठी आणि गाडी चालवणाऱ्यासाठीही धोक्याचा आहे.
• सहा तासांत लघवी न होणे, वारंवार उलट्या, सुस्ती, असंबद्ध बोलणे किंवा झटका ही धोक्याची लक्षणे आहेत. झटका आला किंवा शुद्ध हरपू लागली तर मुलाला ताबडतोब थंड करायला लागा आणि १०८ क्रमांकावर फोन करा.

सहलीचा नेहमीचा बेत

शाळेच्या परीक्षा संपल्या की धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा भागातली अनेक कुटुंबे मुलांना घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिका किंवा लोणावळ्याच्या वॉटर पार्कला जाण्याचा बेत आखतात. धाराशिवहून खोपोली तीनशे किलोमीटरहून अधिक आहे. मुक्कामाचा खर्च वाचावा म्हणून बरेच जण शुक्रवारी रात्री जेवून निघतात. पहाटे पुणे ओलांडतात, वाटेत कुठेतरी तोंड धुतात, चहा-पोहे घेतात आणि दार उघडायच्या वेळी उद्यानापाशी हजर होतात. तिकीट दिवसभराचे असते, म्हणून संध्याकाळी बंद होईपर्यंत आत फिरायचे आणि रात्री पुन्हा परतीला लागायचे.

मोठ्या माणसांना हा बेत जमून जातो. दोन, तीन, चार वर्षांच्या मुलाला मात्र जमत नाही. सहलीहून परतल्यावर ताप, उलट्या, जुलाब किंवा सुस्ती घेऊन मूल दवाखान्यात येते तेव्हा पालक म्हणतात, “बाहेरचं खाणं बाधलं असेल.” कधी ते खरेही असते. पण दिवसभराचा हिशेब विचारला तर बहुतेक वेळा दुसरेच चित्र समोर येते : रात्रीची मोडलेली झोप, सकाळी अर्धवट खाणे, दुपारभर ऊन, घोटभर पाणी आणि दुपारची झोप अजिबात नाही.

या लेखाचे सांगणे एवढेच आहे : दिवसभर फिरा, पण दुपार मुलाला द्या. असे का, ते कसे जमवायचे आणि काय दिसले तर थांबायचे, हे पुढे पाहू.

लहान मुलाचे शरीर उष्णतेपुढे लवकर का थकते?

वजनाच्या मानाने लहान मुलाच्या त्वचेचा पृष्ठभाग मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो. बाहेरची हवा त्वचेपेक्षा गरम असेल तर ही जास्तीची त्वचा बाहेरची उष्णता अधिक प्रमाणात आत घेते. मुलांना मोठ्यांपेक्षा घामही कमी येतो. शिवाय मूल चालत नाही, पळते. मोठ्या माणसाच्या एका पावलाला त्याची दोन-तीन पावले पडतात, त्यामुळे त्याचे स्नायू वजनाच्या मानाने जास्त उष्णता तयार करतात.

दुसरे कारण उंचीचे. तीन वर्षांच्या मुलाचे डोके मोठ्यांच्या कमरेच्या आसपास असते. तापलेल्या फरशीची, डांबराची झळ त्याला आपल्यापेक्षा जवळून लागते. बाबागाडीत बसलेले मूल तर जमिनीच्या आणखी जवळ असते. तिच्यावर ऊन लागू नये म्हणून ओढणी किंवा चादर टाकली तर आत हवा खेळत नाही आणि उकाडा वाढतो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. लहान मूल स्वतःची काळजी स्वतः घेऊ शकत नाही. त्याला तहान लागली आहे हे खेळाच्या नादात कळत नाही, कळले तरी नीट सांगता येत नाही आणि सांगितले तरी पाण्याची बाटली आपल्या पाठीवरच्या पिशवीत असते. आठ-दहा वर्षांच्या निरोगी मुलाला वेळेवर पाणी आणि सावली मिळाली तर तो उष्णता बऱ्यापैकी सहन करतो. पाच वर्षांखालील मुलाला पाणी आणि सावली कधी मिळणार, हे पूर्णपणे आपल्यावर अवलंबून असते.

“आमच्या मुलांना उन्हाची सवय आहे”

बेचाळीस अंशांत वाढलेल्या मुलांना खोपोलीच्या उन्हाचे काय वाटणार, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. यात एक चूक आहे.

धाराशिव बालाघाटच्या पठारावर आहे. इथला उन्हाळा कोरडा असतो. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, आणि वाळताना शरीर थंड करतो. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी, कोकणच्या बाजूला आहे. तिथे पारा आपल्यापेक्षा खाली असला तरी हवेत दमटपणा जास्त असतो. घाम येतो, पण वाळत नाही. अंगावरून नुसता ओघळतो. घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही, पाणी आणि मीठ मात्र निघून जाते. म्हणून ३६ अंशांचा दमट उकाडा कधी कधी ४० अंशांच्या कोरड्या उन्हापेक्षा जड जातो. शरीराला नव्या हवामानाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. एका दिवसाच्या सहलीत ती होत नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभानंतर उष्माघाताने चौदा जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातले तापमान सुमारे ३८ अंश नोंदले गेले होते. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण उघड्या मैदानावर तासन्‌तास बसणे, गर्दी आणि दमट हवा एकत्र आली की आकडा लहान असूनही धोका मोठा होतो. सहलीचा बेत आखताना फक्त तापमान पाहू नका; हवेतला दमटपणा आणि उन्हात घालवायचे एकूण तासही मोजा.

झोपेचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. यात दुपारची झोप धरलेली आहे. सहा वर्षांपुढच्या शाळकरी मुलांना साधारण ९ ते १२ तास लागतात.

आता वरच्या बेतातल्या तीन वर्षांच्या मुलाचा हिशेब मांडा. गाडीत रात्री अकराला झोप लागली. टोलनाका, गतिरोधक, चहाचा थांबा यांनी ती तीनदा मोडली. पहाटे साडेपाचला जाग आली. जास्तीत जास्त सहा तासांची तुटक झोप झाली. दुपारची झोप नाही. रात्री आठनंतर गाडीत बसल्यावर पुन्हा तशीच तुटक झोप. दोन दिवसांत मुलाची झोप आठ-दहा तासांनी कमी पडते.

झोप कमी पडलेले मूल मोठ्यांसारखे पेंगत बसेलच असे नाही. अनेक मुले उलट जास्त उड्या मारतात, मोठ्याने हसतात, ओरडतात आणि मग क्षुल्लक कारणावरून जमिनीवर लोळून रडतात. हे पाहून आजी-आजोबांना वाटते, “बघा, अजून किती दम आहे पोरात!” हा दम नसून थकव्यावर मात करण्यासाठी शरीराने सोडलेल्या उत्तेजक संप्रेरकांचा परिणाम असतो. तो ओसरला की मूल एकदम गळून जाते.

म्हणूनच दुपारी एक-दोनच्या सुमारास मूल हट्टाला पेटले तर त्याला रागावू नका आणि पुढच्या खेळाचे आमिषही दाखवू नका. सावलीत न्या, पाणी द्या, थोडे खायला द्या, आडवे करा. वीस मिनिटांत मूल शांत झाले तर कारण तुमच्या लक्षात येईल.

दुपारी सगळेच एकदम का बिघडते?

बहुतेक उद्याने सकाळी दहा-अकराच्या सुमारास उघडतात. म्हणजे आत पाऊल टाकतो तेव्हाच ऊन चढायला लागलेले असते आणि पहिले पाच तास हे दिवसातले सर्वांत तापलेले तास असतात. पालक नेमक्या याच वेळात “आधी सगळे मोठे खेळ करून घेऊ” म्हणून रांगांमध्ये उभे राहतात.

याच वेळी चार गोष्टी एकत्र येतात.

१. पाणी कमी पडते. सकाळी मूल दूध किंवा पाणी पुरेसे पीत नाही. रांगेत असताना “आत्ता शू लागली तर?” म्हणून आपणही पाणी द्यायचे टाळतो.

२. पोट रिकामे राहते. उत्साहात मूल नाश्ता करत नाही, नंतर वेफर्स आणि थंड पेयावर वेळ निभावतो. सडपातळ लहान मुलांमध्ये बराच वेळ नीट न खाल्ल्याने रक्तातली साखर कमी होऊन गळाठा, मळमळ, उलटी होऊ शकते.

३. झोपेची वेळ होते. रोज ज्या वेळी मूल झोपते त्या वेळी त्याचा तोल, लक्ष आणि समज कमी होते. पायऱ्यांवरून पडणे, हात सोडून पळणे, गर्दीत हरवणे अशा घटना अशा वेळी होऊ शकतात.

४. मोठी माणसेही थकलेली असतात. रात्रभर जागलेल्या आई-वडिलांचे लक्ष विचलित होते. मुलावर नजर ठेवणे हीच सहलीतली सर्वांत मोठी सुरक्षा आहे, आणि थकलेली नजर ते काम नीट करू शकत नाही.

यात परतीचा प्रवासही जोडा. जो माणूस आदल्या रात्री गाडी चालवून आला, दिवसभर मुलाला कडेवर घेऊन फिरला, तोच रात्री नऊ वाजता पुन्हा चाकामागे बसतो. झोप अनावर झालेल्या चालकाला चहा किंवा मोठ्या आवाजातली गाणी जागे ठेवू शकत नाहीत. काही सेकंदांची डुलकी पुरेशी असते. उष्णतेने होणाऱ्या त्रासाइतकाच, किंबहुना त्याहून मोठा, धोका या प्रवासात आहे.

विश्रांती म्हणजे नेमके काय?

बाकावर बसून आइस्क्रीम खाणे म्हणजे विश्रांती नव्हे. अंधाऱ्या सभागृहातला मोठ्या आवाजाचा, दचकवणारा खेळ वातानुकूलित असला तरी तीही विश्रांती नव्हे. विश्रांतीत पुढील गोष्टी असाव्यात :

• सावली किंवा छत, आणि खेळती हवा, पंखा किंवा वातानुकूलन.
• बूट, मोजे, ओले कपडे काढणे. मान, चेहरा, हातपाय ओल्या पंचाने पुसणे.
• सावकाश पाणी आणि हलके जेवण.
• गोंगाटापासून दूर आडवे होणे. झोप लागली तर उत्तम. नाही लागली तरी पाऊण-एक तास शांत पडून राहिल्याने शरीराचे तापमान आणि नाडीची गती खाली येते.

दीड ते दोन तास द्या. साधारण साडेबारा ते तीन या वेळेत ते बसवा. सोबत एक जाडसर चादर, मुलाची नेहमीची गोधडी आणि कोरडे कपडे ठेवा. ओळखीच्या गोधडीवर परक्या जागीही मुलांना लवकर झोप लागते.

तिकीट काढण्यापूर्वी उद्यानाला फोन करून चार प्रश्न विचारा : दुपारी बाहेर जाऊन पुन्हा आत येता येते का? लहान बाळाला दूध पाजण्यासाठी, झोपवण्यासाठी खोली आहे का? मुलाचे खाणे आणि पाण्याची बाटली आत नेता येते का? प्रथमोपचार केंद्र कुठे आहे? उंचीची अटही विचारून घ्या. मोठ्या खेळांना ठरावीक उंची लागते. तीन वर्षांच्या मुलाला ज्या खेळांत बसताच येणार नाही त्यांच्या रांगांजवळ त्याने दुपार का काढावी?

एकत्र कुटुंब असेल तर पाळी लावा. दुपारी आई किंवा आजी लहानग्याजवळ थांबेल, मामा मोठ्या मुलांना घेऊन जाईल. पुढच्या तासाला बदली. ‘पैसे वसूल’ होण्याची चिंता यामुळे मिटते. खरे तर दुपारी झोपलेले मूल संध्याकाळी चार ते सात आनंदाने खेळते. न झोपलेल्या मुलाचे तेच तीन तास रडण्यात जातात आणि त्याचे तिकीट खऱ्या अर्थाने वाया जाते.

एक सुचवलेला दिनक्रम

• आदला दिवस : दिवसा प्रवास करून पुणे, लोणावळा किंवा खोपोलीजवळ मुक्काम. नातेवाइकांकडे उतरता आले तर उत्तम. रात्री नऊपर्यंत मुले झोपलेली असावीत.
• सकाळी : पोटभर नाश्ता. घरून आणलेल्या दशम्या, केळी, दूध चालेल.
• उद्यानात पहिले दोन तास : मोकळ्या आवारातले, लहानांचे खेळ.
• साडेबारा ते तीन : जेवण आणि विश्रांती.
• तीन ते साडेचार : छताखालचे, शांत खेळ.
• साडेचारनंतर : उघड्यावरचे खेळ, मिरवणूक, खरेदी.
• रात्री : पुन्हा मुक्काम, सकाळी परतीचा प्रवास. मुक्काम शक्यच नसेल तर दिवसभर विश्रांती घेतलेला, झोप झालेला स्वतंत्र चालक ठेवा.

दोन मुक्काम परवडत नसतील तर किमान आदल्या रात्रीचा मुक्काम सोडू नका. तोही शक्य नसेल तर दोन-तीन वर्षांच्या मुलाला या सहलीसाठी आणखी थोडे मोठे होऊ द्या. त्याचे काहीही बिघडणार नाही.

पाणी, जलसंजीवनी आणि खाणे

मुलाने पाणी मागण्याची वाट पाहू नका. दर १५ ते २० मिनिटांनी लहान मुलाला चार-पाच घोट, मोठ्या मुलाला अर्धा ते पाऊण पेला पाणी द्या. साध्या दिवशीही १० किलो वजनाच्या मुलाला दिवसभरात सुमारे १ लिटर आणि २० किलोच्या मुलाला सुमारे दीड लिटर द्रव लागतो. यात दूध, ताक, वरण हे सगळे आले. उन्हात ही गरज वाढते.

सहा महिन्यांखालील बाळाला पाणी देऊ नका, अंगावरचे दूध अधिक वेळा पाजा. आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. एवढ्या लहान बाळाला उन्हाळ्यात थीम पार्कला नेणे टाळलेलेच बरे.

घाम खूप आला, उलटी झाली किंवा जुलाब लागले तर ओआरएस म्हणजे जलसंजीवनी द्या. पुडीवर ‘१ लिटर पाण्यासाठी’ लिहिले असेल तर पूर्ण पुडी १ लिटर पाण्यातच विरघळवा. अर्धी पुडी पेल्यात टाकून घट्ट पाणी करू नका. त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण बिघडू शकते. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा ५ मिलीचा, म्हणजे चहाचा असावा.

दुकानात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. खरेदी करताना पाकिटावरील सूत्राचा उल्लेख वाचा. जास्त साखरेच्या पेयांनी जुलाब वाढू शकतात.

खाण्यात दही-भात, दशमी, केळी, राजगिऱ्याचा लाडू, खारे शेंगदाणे असे नेहमीचे पदार्थ द्या. चार वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्याऐवजी दाण्याचा कूट घातलेले पदार्थ द्या. धावताना, खेळाच्या पाळण्यात बसून काहीही खायला देऊ नका.

पाणी पुरते आहे का, हे ओळखण्याची सोपी खूण लघवी आहे. फिकट पिवळी आणि तीन-चार तासांतून एकदा होत असेल तर ठीक. गडद पिवळी, थोडी किंवा सहा तास झालीच नसेल तर पाणी कमी पडते आहे.

वॉटर पार्कमध्ये आणखी काय पाहावे?

पाण्यात असलेल्या मुलाला उकाडा जाणवत नाही, घाम आलेला दिसत नाही, म्हणून पालक निर्धास्त होतात. पण ऊन लागतच असते आणि शरीरातले पाणीही कमी होत असते. दर अर्ध्या तासाने बाहेर काढून सावलीत पाणी पाजा.

• बुडणारे मूल ओरडत नाही. ते आवाज न करता काही क्षणांत पाण्याखाली जाते. पाच वर्षांखालील मुलाच्या हातभर अंतरावर एक मोठे माणूस सतत असावे आणि त्याच्या हातात मोबाइल नसावा.
• हवेच्या रिंगा आणि दंडावरचे फुगे हे खेळणे आहे, सुरक्षा नव्हे.
• तलावाचे पाणी तोंडात घेऊ नये हे मुलांना आधीच शिकवा. जुलाब लागलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नका.
• तापलेल्या फरशीने तळपाय भाजतात. चपला घालूनच चालवा.
• सहा महिन्यांपुढच्या मुलांना एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावा. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी त्याहून उपयोगी.
• मूल पाण्यात बुडून वर काढले गेले असेल आणि पुढच्या काही तासांत सतत खोकला, धाप किंवा जास्त झोप दिसली तर रुग्णालयात न्या.

धोक्याची लक्षणे आणि प्रथमोपचार

उष्णतेचा थकवा : मूल मलूल होते, डोके दुखते, मळमळते, घाम खूप येतो, पोटात किंवा पायात गोळे येतात, चेहरा फिका किंवा लाल दिसतो. पण मूल नीट बोलते, ओळखते.
काय करावे : खेळ थांबवा. सावलीत आडवे करा, कपडे सैल करा, अंग ओल्या कापडाने पुसा, वारा घाला, ओआरएस घोट घोट द्या. अर्ध्या तासात बरे वाटले नाही किंवा उलट्या होत राहिल्या तर डॉक्टरांकडे न्या. बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात नेऊ नका.

उष्माघात : अंग खूप तापते, तापमान ४० अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक असू शकते. मूल गोंधळते, असंबद्ध बोलते, ओळखत नाही, अडखळते, झटका येतो किंवा बेशुद्ध होते. त्वचा कोरडीच असेल असे नाही. खेळणाऱ्या मुलात ती घामाने ओलीही असू शकते.
काय करावे : ही आणीबाणी आहे. १०८ ला फोन करा, उद्यानाच्या प्रथमोपचार केंद्राला कळवा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. कपडे काढा, अंगावर भरपूर पाणी ओता, जोराने वारा घाला. मान, काख आणि जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा. रुग्णवाहिकेतही थंड करणे चालू ठेवा. प्रत्येक मिनिट महत्त्वाचे असते.

हे करू नका :
• पॅरासिटामॉल देऊ नका. उष्माघातातील तापावर त्याचा उपयोग होत नाही.
• शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.
• झटका आल्यास तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. मुलाला कुशीवर वळवा आणि वेळ मोजा.

या मुलांची विशेष काळजी घ्या

गेल्या दोन-तीन दिवसांत ताप, जुलाब किंवा उलट्या झालेल्या मुलाला सहलीला नेऊ नका, बेत पुढे ढकला. हृदयविकार, दमा, फिट्स, मधुमेह किंवा सिकलसेल असलेल्या मुलांबाबत आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि औषधे गाडीत नव्हे, जवळच्या पिशवीत ठेवा. तापलेल्या गाडीत औषधे खराब होतात.

प्रवासात मूल झोपावे म्हणून सर्दीचे किंवा उलटीचे औषध मनाने देऊ नका. यातील काही औषधांनी घाम कमी येतो आणि गुंगी राहते, त्यामुळे उष्णतेचा त्रास वाढतो आणि लक्षणेही झाकली जातात. प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये.

झोपलेल्या मुलाला बंद गाडीत पाच मिनिटेही एकटे ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीतले तापमान दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी वाढू शकते. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

जवळच्या सहलींनाही हेच लागू

थीम पार्क दूरचे, पण दिवसभराची भटकंती आपल्या जिल्ह्यातही होते. सकाळी तुळजापूरला दर्शन, दुपारी नळदुर्गचा किल्ला, संध्याकाळी घर, असा बेत सुट्टीत अनेक जण करतात. किल्ल्याचा बराचसा भाग उघडा आहे आणि दगड तापलेला असतो. चैत्र पौर्णिमेला तुळजापूर आणि येरमाळ्याला होणारी गर्दी ऐन उन्हाळ्यातली असते. क्रम बदला : पहाटे दर्शन, अकराच्या आत मुक्कामी किंवा नातेवाइकांकडे, दुपारी मुलांची झोप, आणि किल्ला चारनंतर. दर्शनाच्या रांगेत बाळ असेल तर पाण्याची बाटली, पंचा आणि हातपंखा जवळ ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचे मूल घरीसुद्धा दुपारी झोपत नाही. मग?
चार-पाच वर्षांनंतर अनेक मुले दुपारची झोप सोडतात. तरी सहलीच्या दिवशी सावलीतली शांत बैठक हवीच. गोष्ट सांगा, चित्रे काढायला द्या. झोपण्याची सक्ती नको.

कडेवर किंवा बाबागाडीत झोपले तर चालेल का?
सावलीत, हवेशीर जागी बाबागाडी उभी करून झोपवले तर चालेल. उन्हात फिरवत झोपवू नका. कडेवर घेतल्यास आपल्या अंगाची उष्णताही बाळाला लागते.

हिवाळ्यात गेलो तर विश्रांती टाळता येईल?
नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ नक्कीच बरा. उष्णतेचा धोका कमी होतो, झोपेची गरज मात्र तेवढीच राहते. विश्रांती थोडी छोटी करा, पण सोडू नका.

घरी आल्यावर कधी डॉक्टरांना दाखवावे?
दोन दिवसांत ताप, वारंवार उलट्या, जुलाब, लघवी कमी होणे, खोल गेलेले डोळे, रडताना अश्रू न येणे किंवा नेहमीपेक्षा जास्त सुस्ती यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नका. सहलीचा दिवस कसा गेला, मूल काय प्याले, किती झोपले हे डॉक्टरांना सांगा.

शेवटी एवढेच

मुलाला मोठेपणी सहलीतला प्रत्येक पाळणा आठवणार नाही. एखादा खेळ राहिला तर पुढच्या वेळी करता येतो. दुपारी दोन वाजता तुमच्या बाळाचे पाय अडखळू लागले, डोळे जड झाले की घड्याळ आणि तिकीट दोन्ही बाजूला ठेवा, आणि सावली शोधा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या मुलाच्या आजाराबाबत किंवा औषधांबाबत बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.